घराण्यात दम आहे का?

ता. ३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर जे झालं ते पुन्हा होऊ नये म्हणून हे पत्र. मी सांगत होते की बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय. तू ऐकलंस, काकांच्या पेटीत. मग झाकण उघडं ठेवलंय ना, डांबराच्या गोळ्या काढल्या ना, कोमट पाण्याच्या बाटल्या पायाशी ठेवल्या की कुशीला, हे तू इतक्या पोटतिडकीने विचारत राहिलीस की माझ्या फोनची बॅटरी संपली. तुझा डावा कान कामातून गेलाय आणि उजवा शिवणयंत्राने खाल्लाय, तेव्हा यापुढे आपण दोघी लिहूनच बोलू.

तर नीट सांगते. दादाला मुलगी झाली, पण दहा आठवडे आधीच. वजन तेराशे ग्रॅम, म्हणजे तुझ्या दुकानातल्या मोठ्या कात्र्या दोन-तीन एकत्र धरल्या तर होईल तेवढं. दादा तिला मूठ म्हणतो. वहिनीची तब्येत ठीक आहे, आई तिच्याजवळ असते. बाबा आणि वहिनीचे वडील बाहेर बाकावर असतात आणि अजून तरी एकमेकांशी बरे बोलतात.

मुठीला श्वास घेता येत नाही, यंत्र घेऊन देतं. तुला कळेल अशा शब्दांत सांगते. फुप्फुसं म्हणजे बारीक बारीक फुगे. त्यांना आतून एक पातळ अस्तर असतं. ते असलं की श्वास सोडताना फुगे एकमेकांना चिकटून बसत नाहीत. हे अस्तर शेवटच्या दोन-तीन महिन्यांत लागतं आणि मूठ त्याआधीच दुकानाबाहेर पडली. बहुतेक बाळांचं अस्तर उशिरा का होईना, लागतं. पण थोड्या बाळांत मुळात बेतणीच्या कागदावरच अस्तर नसतं. हा कागद प्रत्येकाकडे दोन प्रतींत असतो, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक फाटकी असली तर दुसरीवर भागतं. दोन्ही फाटक्या असल्या तर कितीही थांबलं तरी अस्तर येत नाही. मूठ यांतली कोणती, एवढाच आमचा प्रश्न आहे आणि तो फार मोठा आहे.

माझ्या नोकरीतलं कामही नेमकं हेच. आमच्या मॅडम लवकर जन्मलेल्या बाळांच्या घराण्यांची माहिती जमवतात, श्वासाचा त्रास रक्तातून किती येतो ते पाहायला. त्यांच्या फॉर्मवर पहिला प्रश्न होता: कुटुंबात श्वसनविकाराचा पूर्वेतिहास आहे काय? मी म्हटलं, मॅडम, आमच्या घरात पदवीपर्यंत मी पहिली पोचले. हा प्रश्न माझ्या घरी नेला तर सगळे पूर्वेतिहासापाशीच बसकण मारतील. लोकांना लोकांच्या भाषेत विचारलं पाहिजे. मॅडमनी तो फॉर्म माझ्यावर सोपवला. आता पहिला प्रश्न असा आहे: घराण्यात दम आहे का? असल्यास कोणाकोणात? समोरच्या घरातल्या आजोबांच्या दम्याला तू दमच म्हणायचीस, ते माझ्या लक्षात होतं. आत्या, पदवीचा पहिला खरा उपयोग झाला असं मला वाटलं.

सोबत बारा फॉर्म पाठवते. मुठीला माझ्याच रुग्णालयात, आमच्याच विभागात ठेवलंय, त्यामुळे आपल्या घरचे कागद मी हाताळायचे नाहीत असा नियम आहे. तू सगळ्यांचे भरून, पाकीट चिकटवून, थेट कार्यालयाच्या पत्त्यावर पाठव. नावं लिहायची नाहीत, फक्त बाळाशी नातं. जे हयात नाहीत त्यांचीही माहिती हवी. खरं तेच लिही, काही झाकू नकोस. बाळाचं पुढचं सगळं त्यावर आहे.

तुझ्या मायेचा टाका आजवर सुटला नाही, पुढेही घट्ट असू दे.
तुझी बीएस्सी

ता. ७ मार्च

चि. बीएस्सी हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा शिकलेल्या माणसाचं बोलणं एका वाचनात कळलं. बेतणीचा कागद फाटका असणं म्हणजे काय ते मला विचार. मागच्या वर्षी उजव्या बाहीचा कागद हरवला तेव्हा मी शाळेच्या चाळीस गणवेशांना दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या होत्या. पोरं वर्षभर एका खांद्याने तिरकी चालली.

फॉर्म भरले आणि आजच टपालात टाकले. तू सांगितलंस तसं काही झाकलं नाही. भरताना मात्र ऊर भरून आला. असे प्रश्न सरकारदरबारी आजवर कोणी विचारले नव्हते. जात विचारतात, वय विचारतात, पण माणसात काय आहे ते विचारायला माझी भाची त्या खुर्चीवर बसावी लागली. तुझ्या बापाच्या कागदावर मी दोनदा खूण केली, एक पुरेशी वाटेना. थोडा, बराच, फार असे तीन रकाने होते, त्यांत त्याला फार. तुझ्या आजोबांनाही फार. धाकट्या काकाला थोडा देणार होते, पण तो समोरच बसला होता, म्हणून बराच. बाराव्या कागदावर मी स्वतः. तिथे नाही असं लिहिलं. उगाच बढाई कशाला?

थुंकी गोळा करायच्या नळ्या तू पाठवल्या नाहीस, पण त्या लागतात असं काकाला कुठूनसं कळलं. त्याने घरातल्या सगळ्यांना ओळीने उभं करून औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत थुंकायला लावलं. नावं लिहायची नाहीत म्हणून मी प्रत्येक बाटलीला वेगळ्या कापडाची चिंधी बांधली. चौकड्याची काकाची, ठिपक्यांची काकूची. कोणती चिंधी कोणाची ते ज्या कागदावर लिहिलं होतं तो कागद काकाने बूच म्हणून वापरला. बाटल्या खिडकीत आहेत. हव्या असल्या तर कळव, नको असल्या तर लवकर कळव.

मुठीचं अस्तर लागलं का? रोज लिही. मी दुकानात बसते, पण काल एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले.

माझे आशीर्वाद मापाला थोडे सैलच असतात, वाढत्या अंगाला बरे.
तुझी आत्या

ता. ९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बीएस्सीला सवड नाही म्हणून हे मी लिहितोय. माझं अक्षर तुला माहीत आहे, पंक्चरच्या ठिगळासारखं.

मूठ तशीच आहे. अकरा दिवस झाले, यंत्र निघत नाही. मी काचेशी उभा राहून तिची छाती वर-खाली होताना पाहतो. जन्मभर सायकलींच्या ट्यूबा फुगवल्या, कुठून हवा जाते ते मला पाण्यात बुडवून एका बुडबुड्यावर कळतं. इथे एवढीशी ट्यूब आणि मला हातही लावता येत नाही. दिवसातून एकदा हात धुऊन एक बोट आत घालू देतात. ती ते धरते. पकड चांगली आहे.

रडताना तिचा चेहरा लाल होतो, तोंड उघडतं, पण आवाज येत नाही. घशात नळी आहे म्हणून तसं, असं सिस्टर म्हणाल्या. कळलं तरी बघवत नाही.

आता जरा हसण्यासारखं. सासरेबुवांनाही त्यांच्या बाजूचे फॉर्म दिले होते. लग्नाच्या बँडमध्ये तीन पिढ्या ट्रंपेट वाजवणारं घराणं, त्यांनी सात जण लिहिले. हे बाबांना कळल्यावर ते म्हणाले, आमचे अकरा आहेत. सासरे म्हणाले, आकड्याने काय होतं, मी एक सूर एका श्वासात मिनिटभर धरतो. बाबा म्हणाले, मी भाजीच्या लिलावात एका श्वासात सत्तावीस भाव बोलतो आणि वर वांग्याचा पुन्हा सांगतो. मग दोघांनी बाकावर बसल्या बसल्या श्वास रोखून धरायची पैज लावली. सासरे जांभळे झाले. बाबा कोणत्या रंगाचे झाले ते सांगता येणार नाही, कारण ते बाकावरून घसरून कुंडीमागे गेले होते. सिस्टर धावत आल्या, दोघांना ऑक्सिजन लावायची तयारी केली आणि मग दोघांना असा दम दिला की तेव्हापासून ते हळू आवाजात भांडतात.

ते दोघे कशाची मोजदाद करताहेत हे मला नीट कळलेलं नाही. पण तेवढा वेळ जातो त्यांचा.

हवा जरा कमी आहे आत्या, तुझी माया तेवढी भरत राहा.
तुझा दादा

ता. १२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी रागाने लिहीत नाही. रागाने लिहिलेलं फाडून टाकलं, हे तिसरं आहे.

आज सकाळी आमच्या आकडेवाल्याने भिंतीवर एक वंशवृक्ष लावला. घरातल्या पुरुषांसाठी चौकोन, बायकांसाठी गोल, आणि ज्याला आजार आहे तो काळा भरायचा, अशी आमची पद्धत. नावं नव्हती, पण दहा आठवडे आधी झालेली तेराशे ग्रॅमची मुलगी विभागात एकच आहे. तिच्या बापाच्या बाजूची बारा माणसं आणि त्यांतली अकरा काळी. आईच्या बाजूलाही सात काळी. आकडेवाला आनंदाने नुसता तरंगत होता. तो फक्त खुणा मोजतो, बाकीचं लिहिलेलं वाचत नाही. म्हणाला की एका घरात इतका दम जगात कोणाला सापडला नसेल. पांढरा गोल एकच उरला होता, बाळाच्या आजोबांची मोठी बहीण. म्हणजे तू.

आत्या, अकरा जण. आणि मला कोणी सांगितलं नाही. मी त्याच घरात वाढले. बाबा जिना चढून आले की धापा टाकायचे, मला वाटायचं लिलावात ओरडून थकलेत. इतकी शिकले आणि घरातल्या माणसांचा श्वास मला ऐकू आला नाही.

माझा विश्वास बसेना म्हणून मी बाकावर जाऊन बाबांनाच विचारलं. म्हटलं, बाबा, खरं सांगा, तुमच्यात दम आहे? त्यांनी व्याह्यांकडे एक नजर टाकली आणि छाती पुढे काढून म्हणाले की आहे म्हणजे काय, लहानपणापासून आहे, आणि तो बापाकडून आलाय. मी विचारलं, मग आम्हांला कधी बोलला का नाहीत. तर म्हणाले, असल्या गोष्टी माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगायच्या नसतात. मला रडू आलं. त्यांचेही डोळे भरून आले. मला जवळ घेऊन म्हणाले की तुझ्यातही आहे पोरी, काळजी करू नकोस. ते ऐकून मी आणखीच रडले.

मॅडम गंभीर आहेत. यंत्र निघत नाही आणि दोन्ही घरांत ही अशी माहिती, म्हणजे दोन्ही प्रती फाटक्या असण्याची शंका घ्यायला हवी, असं त्या म्हणाल्या. मुठीचं आणि दादा-वहिनीचं रक्त तपासायला पाठवलंय, उत्तराला दोन आठवडे लागतील. पण दादा-वहिनीला अंधारात ठेवायचं नाही, म्हणून सोमवारी सकाळची बैठक झाली की त्यांना बोलावून सगळं सांगणार आहेत. बेतणीतच अस्तर नसेल तर पुढची वाट फार अवघड असते. सांगताना मीही तिथे असावं असं मॅडमना वाटतं. मी काय तोंडाने बसू?

तू का झाकलंस एवढंच मला लिही. पत्र सोमवारच्या आत पोचेल असं बघ.

तुझ्यावरचा विश्वास उसवलेला नाही, फक्त एक टाका ओढला गेलाय.
बीएस्सी

ता. १५ मार्च

चि. बीएस्सी हिस,
अ. उ. आ., आणि कानाला एक चिमटा.

हे पत्र बाजारात भाजी आणणाऱ्या ट्रकवाल्याबरोबर पाठवतेय. टपालावर माझा भरवसा आहे, पण सोमवारवर नाही.

तुझं पत्र मी काकाला मोठ्याने वाचायला लावलं. आम्हांला आधी काहीच कळेना. आजार कसला, कोणाला? काका म्हणाला, शहरात राहून पोरीला उन्हाची बाधा झाली असेल. मग मी तुझा उरलेला कोरा फॉर्म काढला आणि पुन्हा वाचला. घराण्यात दम आहे का? अगं, आहेच. तुझ्या आजोबांनी भर बाजारात तराजूत दांडी मारणाऱ्या दलालाला तराजूसकट उचलून बाहेर ठेवलं होतं. काकू दोन पोरं काखेत घेऊन जिल्ह्याच्या साहेबाशी भांडून आली होती. तुझ्या बापाचा दम तर चार आळ्यांना माहीत आहे. तू विचारलंस दम आहे का, मी लिहिलं आहे. तुला दमा विचारायचा होता तर एक काना द्यायला काय झालं होतं? पदवीला काना लागत नाही का?

आपल्या घरात दम्याचा रोगी एकही नाही. तुझा बाप जिना चढताना धापा टाकतो तो पोटामुळे. हे मी त्याच्या तोंडावर सांगायला तयार आहे.

हे लिहून झालं आणि मी पत्र बंद करणार होते. मग वाटलं, खरं तेच लिही, काही झाकू नकोस, असं पोरीने सांगितलं होतं. तर एक रोगी आहे. ती मी. थंडी पडली की छाती शिट्टी वाजवते. मी यंत्र जोरात चालवते म्हणजे गिऱ्हाइकाला ती ऐकू जात नाही. म्हणजे तुझ्या त्या झाडावर जिथे काळं हवं होतं तिथे पांढरं आहे आणि बाकी सगळं उलटं. असा सदरा कोणी शिवून दिला असता तर मी तो परत केला असता.

आणखी एक. मी सातव्या महिन्यात झाले. हे घरात कोणी बोलत नसे, सातमाशी पोरीचं लग्न होत नाही असं आईला वाटे. ते तसंही झालं नाही, पण त्याचं कारण माझी जीभ. तेव्हा आमच्याकडे काचेची पेटी कुठली? माझ्या काकांची लाकडी पेटी होती. तिच्यातले कपडे काढून कापूस भरला, मला आत ठेवलं, पायाशी आणि दोन्ही कुशींना कोमट पाण्याच्या बाटल्या. झाकण उघडं राहावं म्हणून आईने त्यात लाटणं अडकवलं होतं. डांबराच्या गोळ्या काढायचं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही, आठव्या दिवशी वासावरून कळलं. माझी छाती त्याने बिघडली असं मी मानते. तुमच्या मॅडम काय मानतात ते विचार.

म्हणून फोनवर तू पेटी म्हणालीस तेव्हा मला काकांचीच ऐकू आली. कान इतके काही गेलेले नाहीत.

पेटी अजून आहे, मी तिच्यात दोऱ्याच्या रिळा ठेवते. मुठीला सांग की मी दोन महिने तिच्यात होते आणि आता त्रेसष्ट वर्षांची आहे. दमानं घे म्हणावं, घाई नाही.

आशीर्वाद नेहमीचेच, फक्त आज आतून अस्तर लावलेत.
तुझी आत्या

ता. १८ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

ट्रकवाला सोमवारी सकाळी सव्वाआठला कोबीच्या पोत्यांसकट रुग्णालयाच्या मुख्य दारात उभा राहिला आणि तुझं पत्र माझ्या हातात दिल्याशिवाय हलेना. त्याच्यामागे दोन रुग्णवाहिका भोंगे वाजवत होत्या. मी पत्र तिथेच पायरीवर वाचलं. मग तशीच बैठकीत शिरले.

आकडेवाला काठीने काळे चौकोन दाखवत होता. मी मध्येच उभी राहिले आणि म्हटलं, चूक माझी आहे, एक काना राहिला. कोणाला काही कळलं नाही. मॅडमनी दोन्ही घरांचे मूळ फॉर्म मागवले. आत्या, खुणांखालच्या शेऱ्याच्या ओळी आजवर कोणी उघडूनही पाहिल्या नव्हत्या. मॅडमनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

बाळाचे आजोबा. दम: फार. कशाने वाढतो: कोणी नको म्हटलं की. काय उपचार केले: त्यांच्या बायकोने पुष्कळ केले, गुण नाही.

बाळाचे पणजोबा. दम: फार. कशाने वाढतो: दलाल दिसला की. शेवटपर्यंत होता का: शेवटच्या दिवशी डॉक्टरलाच दिला.

बाळाचा चुलत आजोबा. दम: बराच. शेरा: हा समोर बसला आहे, खरं नंतर कळवीन.

इथे मॅडमचा आवाज बसला. विभागातल्या मोठ्या डॉक्टरांनी तोंडावर फाइल धरली, ती उलटी होती. आकडेवाला एकटाच हसला नाही. त्याने खोडरबर घेतला आणि एकेक काळा चौकोन, काळा गोल पुसू लागला. अठरा पुसून झाले तेव्हा मॅडम म्हणाल्या की मला आधीपासून कोडं होतं, इतका दम असलेलं घराणं जिवंत राहिलं कसं.

मग मी तुझ्या पत्राचा शेवटचा भाग वाचून दाखवला. पेटीपाशी आल्यावर मी पत्र मॅडमच्या हातात दिलं, पुढचं त्यांनी वाचलं. तू सातव्या महिन्यात वाचलीस यावरून मुठीबद्दल काहीच सिद्ध होत नाही असं त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या की तरी ते लिहून ठेवा. डांबराच्या गोळ्यांबद्दल त्यांनी वेगळी टीप केली आहे. त्या वासाने लहान बाळांना खरंच अपाय होतो, पण दम्याचा दोष एकट्या गोळ्यांना देता येणार नाही, म्हणाल्या. झाडावर आता एकच गोल काळा आहे आणि तो तू आहेस. लवकर छातीच्या डॉक्टरकडे जा, हे माझं नाही, त्यांचं सांगणं आहे.

दादा-वहिनीला बोलावलंच, पण सांगितलं ते इतकंच की तपासणी गेली आहे, उत्तराची वाट पाहू. घराण्याकडून भीती वाटावी असं काही दिसत नाही. दादाने विचारलं की मग बाबा आणि सासरे इतके दिवस कशाचे आकडे सांगत होते. मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला. अठरा दिवसांत पहिल्यांदा.

मला मात्र लाज वाटते. लोकांच्या भाषेत विचारायला निघाले आणि माझ्या स्वतःच्या माणसांची भाषा मला ऐकू आली नाही. नोकरीवरून काढतील असं वाटलं होतं. मॅडम म्हणाल्या की नवा फॉर्म तूच कर, पण आधी आत्याला वाचायला पाठव, आणि तिने काय ऐकलं ते मला सांग. म्हणून सोबत नवा पाठवते. श्वास घ्यायला त्रास होतो असं घरात कोणी आहे का? असा प्रश्न केलाय. यात कुठे कोणाला मान मिळत असेल तर लगेच कळव.

खिडकीतल्या बाटल्या नकोत. कृपा करून आजच फेकून दे.

चूक पोटात घातलीस, आता पोरीलाही पदरात असू दे.
बीएस्सी

ता. ३० मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बीएस्सी बोलण्याच्या अवस्थेत नाही, म्हणून पुन्हा मीच.

शुक्रवारी उत्तर आलं. माझ्या दोन्ही प्रती धड आहेत, हिच्या दोन्ही धड आहेत, मुठीच्याही दोन्ही धड आहेत. कुठे फाटलेलं नाही. नुसतंच लवकर आली होती. मॅडमनी हे सांगितल्यावर मी त्यांना त्यांची सायकल जन्मभर फुकट दुरुस्त करून देईन असं म्हणालो. त्या सायकल चालवत नाहीत. आता शिकेन म्हणाल्या.

काल सकाळी साडेनऊला घशातली नळी काढली. आता नाकाशी फक्त बारीक हवा आहे, तीही हळूहळू बंद करतील. काढायच्या आधी आम्हांला बाहेर थांबवलं. बाबा आणि सासरे बाकावर बसून कोणाचं नाक बाळाला आलंय यावर भांडत होते. दार अर्धं उघडं होतं. मग आतून एक आवाज आला. फार मोठा नाही आत्या, शिट्टी अडकलेल्या भोंग्यासारखा. पण पहिल्यांदाच. इतके दिवस तोंड उघडायची आणि आवाज नसायचा.

दोघेही आजोबा एकदम गप्प झाले. सासरे म्हणाले की सूर चांगला आहे. बाबांना तर बोलताच येईना. एका श्वासात सत्तावीस भाव बोलणारा माणूस, त्याच्या तोंडून एक शब्द निघेना. सिस्टर मुद्दाम बाहेर आल्या, कोण इतकं शांत बसलंय ते बघायला.

ये आता. पाहायला ये. पंपातली हवा आम्ही सांभाळतो, मायेची तू सांभाळ.
तुझा दादा

ता. ३ एप्रिल

चि. बीएस्सी आणि चि. दादा यांस,
अ. उ. आ., दोघांत वाटून घ्या, भांडू नका.

येत्या रविवारी मी येतेय. ट्रकवाल्याने पुढची जागा दिली आहे. पेटीही आणतेय. मुठीला तिच्यात ठेवायला नाही, तुमच्या काचेच्या पेटीवर माझा राग नाही. नुसतं दाखवायला. पोरीला कळू दे की तिच्याआधी या वाटेने कोणी गेलंय. गोळ्या काढल्यात, चार दिवस उन्हात ठेवली होती.

छातीच्या डॉक्टरकडे जाऊन आले. त्याने एक फवारा दिलाय, तोंडात ओढायचा. आता शिट्टी वाजत नाही. यंत्र हळू चालवते, तर गिऱ्हाइकं विचारतात की बाई, तब्येत बरी नाही का.

बाटल्या फेकल्या. चौकड्याची काकाने ठेवून घेतली, आठवण म्हणून.

नवा फॉर्म वाचला. नीट आहे, सरळ आहे, कुठे गैरसमज होणार नाही. म्हणून तो मॅडमना दे. पण जुना एक माझ्याकडे उरला होता, तो वाया घालवणं जिवावर आलं. तेरावा माणूस घरात आला तर त्याचाही कागद हवा ना? भरून सोबत जोडलाय. हा मात्र कार्यालयात देऊ नकोस, घरात ठेव. इथे खाली उतरवते, कारण माझं अक्षर तुला लागतं आणि आकडेवाल्याला लागत नाही.

नातं: मूठ.
घराण्यात दम आहे का: आहे.
कधीपासून: २९ मार्च, सकाळी साडेनऊ.
किती: बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतका.
कशाने वाढतो: दोन्ही आजोबा गप्प बसले की.
काय उपचार केले: करू नयेत.

माझ्या मायेला दुमड जास्त सोडली आहे, पोर वाढेल तशी सोडत जा.
तुमची आत्या